सुखासनाच्या शोधांत

आपल्याकडे पाहुणा उंबरठ्याच्या आंत आला कीं यजमानाच्या तोंडून पहिला शब्द निघतो, तो 'बसा' हा. पाणी, चहा, क्षेमकुशल हें सारें त्याच्या मागून येतें. बसणें म्हणजे विसांवा, बसणें म्हणजे मान, बसणें म्हणजे आपलेपणा, असा त्या एका शब्दाचा अर्थ आपण पिढ्यान् पिढ्या धरून चाललों आहों. 'घटकाभर टेकलों', 'बैठक छान जमली', 'बसल्या जागीं काम झालें' हे सारे प्रयोग आपल्या भाषेंत सुखाचे आणि सोयीचे मानले जातात. परंतु ह्याच शब्दाची धास्ती वाटणारीं माणसेंही पुष्कळ आहेत, आणि आम्ही त्यांपैकीं एक आहों. गेलीं सहा वर्षें आम्हांला कोणीं प्रेमानें 'बसा' म्हटलें, कीं आम्ही प्रथम खुर्चीकडे पाहतों, मग दाराकडे पाहतों, आणि मग मनांतल्या मनांत मिनिटें मोजूं लागतों.

ह्या दुखण्याला पाश्चात्त्य वैद्यकांत सायाटिका म्हणतात आणि आयुर्वेदांत गृध्रसी. चरकसंहितेंत वातव्याधींमध्यें त्याचें वर्णन आलें आहे. नितंबापासून निघालेली कळ कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असें करीत पावलापर्यंत उतरते, हें तेथलें वर्णन वाचून आजचा कोणताही रोगी मान डोलावील. गृध्र म्हणजे गिधाड. ह्या रोगानें माणसाची चाल गिधाडासारखी होते म्हणून हें नांव पडलें, असें वैद्य सांगतात. युरोपांत नेपल्स येथील डोमेनिको कोतुन्यो ह्या वैद्यानें १७६४ सालीं ह्या विषयावर पुस्तक लिहिलें आणि सांध्याचें दुखणें व नसेचें दुखणें हीं दोन निराळीं आहेत, असें दाखवून दिलें. पुढें १९३४ सालीं अमेरिकेंतील बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार ह्या शल्यचिकित्सकांनीं, मणक्यांच्या मधली गादी फुटून नसेच्या मुळावर दाबली गेल्यानें हें दुखणें उद्भवतें, ही गोष्ट शस्त्रक्रियांच्या आधारें मांडली. ज्या गादीवर आपण बसतों तिची आपण नित्य झाडलोट करतों. ज्या गाद्यांवर आपला कणा बसलेला आहे त्यांची आठवण मात्र त्या दुखूं लागल्यावरच होते.

ही नस शरीरांतील सर्वांत जाड नस आहे. जाडीनें ती जवळजवळ बोटाएवढी भरते. कमरेच्या खालच्या दोन आणि त्रिकास्थीच्या वरच्या तीन अशा पांच मुळांपासून ती बनते, नितंबाच्या स्नायूंखालून बाहेर पडते, मांडीच्या मागच्या बाजूनें उतरते आणि गुडघ्याच्या जरा वर दुभंगून पुढें पावलापर्यंत पोंचते. म्हणजे ज्या भागावर आपण बसतों, नेमक्या त्याच भागांतून तिची वाट आहे. सुदैवानें बहुतेकांचें हें दुखणें कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतें. आमच्यासारख्या कांहींच्या बाबतींत मात्र मूळचा दाब कमी झाल्यावरही नस चाळवलेली राहते, आणि क्षुल्लक कारणानेंही ओरडूं लागते. हें ओरडणें नेहमींच्या अंगदुखीसारखें नसतें. कधीं विजेचा झटका बसावा तसें होतें, कधीं पोटरींत निखारा ठेवल्यासारखें वाटतें, कधीं मुंग्या येतात, तर कधीं अंगठा आपला नव्हेच असें वाटण्याइतका बधिर होतो. बाहेरून पाहणाराला सूज दिसत नाहीं, जखम दिसत नाहीं, तापही येत नाहीं. दिसतें तें एवढेंच, कीं एक धडधाकट गृहस्थ दहा मिनिटें बसतो आणि काहींतरी टोंचल्यासारखा उठून उभा राहतो.

आमचें घर अकरा माणसांचें. अशा घरांत बसणें ही केवळ शरीराची क्रिया नसते. तें घरांतलें एक स्थान असतें. सकाळचा चहा, संध्याकाळची आरती, रात्रीचें जेवण, नातवंडांचा अभ्यास, कोणाच्या लग्नाची बोलणीं, हें सारें बसूनच होतें. जो बसूं शकत नाहीं तो प्रथम दारापाशीं उभा राहून बोलतो, मग आपल्या खोलींत जाऊन पडतो, आणि मग हळूहळू त्याचें मत विचारायचें राहून जातें. ह्यांत कोणाचा दुष्टावा नसतो. 'त्यांना कशाला त्रास?' ह्या प्रेमळ वाक्यानेंच माणूस घराच्या मध्यभागापासून कडेला सरकत जातो. आम्ही लग्नकार्यांना जाईनासे झालों, आणि आम्ही नाहीं म्हणून आमचें कुटुंबही जाईनासें झालें. आमच्या एका भाचीच्या लग्नाला दोघेंही गेलों नाहीं, तेव्हां थोरली सून सासूबाईंना म्हणाली, "आई, दुखणें बाबांना झालंय. तें घरांत दोघांनीं कशाला वाटून घ्यायचं?" तें वाक्य आम्हांला औषधाइतकें लागू पडलें. दुखण्याचें क्षेत्र एका नसेपुरतें ठेवणें हेंच खरें काम आहे, हें तेव्हांपासून आमच्या मनानें घेतलें.

मग खुर्चीचा शोध सुरू झाला. चिरंजीवांनीं अनेक कळी-दांड्यांची एक भारी खुर्ची आणली. धाकट्या बंधूंनीं लांकडी बांकाची शिफारस केली. वहिनींनीं मध्यें भोंक असलेली उशी दिली, आणि नातवानें तर एक भला मोठा रबरी चेंडूच आणून ठेवला. वडिलांची कापडी आरामखुर्ची घरांत होतीच. मऊ कोचांत शरीर रुतलें, कंबर गुडघ्यांच्या खालीं गेली आणि कण्याचा बांक उलटा झाला. आरामखुर्चीच्या झोळींतही तोच प्रकार. बांकावर कंबर ताठ राहिली, पण फळीची कड मांडीखालीं बरोबर नसेवर रुतली. भोंकाच्या उशीनें माकडहाडाला सुख दिलें; आमच्या नसेला तिचें कांहींच वाटलें नाहीं. भारी खुर्चीनें चाळीस मिनिटें दिलीं, आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला तीही इतरांसारखीच झाली. ओसरीवरच्या झोपाळ्यानें मात्र प्रत्येक वेळीं कांहीं ना कांहीं आराम दिला. त्याचें कारण पुढें उमगलें.

बसण्याच्या ह्या कोड्यावर शास्त्रज्ञांनींही पुष्कळ डोकें चालविलें आहे. अमेरिकेंतील ओमाहा येथील कीगन ह्या शल्यचिकित्सकानें १९५३ सालीं, निरनिराळ्या स्थितींतील कमरेचीं क्षकिरणचित्रें घेऊन असें दाखविलें, कीं मांड्या आणि धड ह्यांच्यामध्यें सुमारें १३५ अंशांचा कोन असतांना कमरेचा बांक नैसर्गिक राहतो. काटकोनांत बसलें कीं तो सपाट होऊं लागतो. शाळेंत आपल्याला ज्या 'नीट बसा'चा धडा दिला गेला, तो नेमका काटकोनाचा होता! स्वीडनचे नाखेमसन ह्यांनीं जिवंत माणसांच्या मणक्यांमधील गादींत सुई घालून तिच्यावरचा दाब मोजला. उभ्या स्थितींतला दाब १०० धरला, तर आधाराशिवाय ताठ बसल्यावर तो सुमारें १४०, बसून पुढें वांकल्यावर सुमारें १८५, आणि उताणें निजल्यावर सुमारें २५ भरला. हे आंकडे पुढें कित्येक वर्षें ग्रंथांतून उद्धृत होत राहिले. पण १९९९ सालीं जर्मनींतील उल्म येथील संशोधकांनीं एका माणसाच्या गादींत दाबमापक बसवून पुन्हां मोजणी केली, तेव्हां बसण्यांतला दाब उभ्या स्थितीहून अधिक आढळला नाहीं. उलट मागें रेलून सैल बसल्यावर तो बराच कमी झाला. तात्पर्य, ताठ बसणें म्हणजेच सद्गुण आणि रेलणें म्हणजे आळस, असा सरळ निवाडा शास्त्राला देतां आलेला नाहीं.

पुस्तकांहून अधिक बोलका पुरावा आम्हांला घरांतच मिळाला. आमची थोरली बहीण, ताई, आमच्याकडेच असते. तिचें वय ७८. तिच्याही पायांत कळ येते, पण तिच्या दुखण्याचें मूळ निराळें आहे. वयोमानानें तिच्या मणक्यांमधली नसांची वाट अरुंद झालेली आहे. ती उभी राहिली किंवा शंभर पावलें चालली कीं पाय जड होतात आणि जळूं लागतात. बसून पुढें वांकली कीं लगेच हायसें वाटतें. एरवीं चार घरें ओलांडतांना दमणारी ताई, भाजीची ढकलगाडी हातीं आली कीं तिच्यावर वांकून सबंध दुकान हिंडून येते. आमचें सारें ह्याच्या उलट. आम्हांला वांकणें म्हणजे संकट, आणि चालणें म्हणजे सुख. चिरंजीवांनीं आणलेली भारी खुर्ची आम्हीं मोठ्या कौतुकानें तिला देऊं केली. कंबर मागें ढकलणारी ती खुर्ची तिला पांच मिनिटेंही सोसली नाहीं. "तुझी खुर्ची तुलाच लखलाभ," ती म्हणाली, "मला आपलं माझं स्टूल आणि पुढं टेकायला टेबल, एवढं पुरे." एकाच घरांतलीं, एकाच आईचीं दोन लेंकरें, आणि एकाच पायांत उतरणारी कळ, पण एकाचें औषध तें दुसऱ्याचें दुखणें. तेव्हांपासून 'ह्या रोगावर अमुक खुर्ची घ्या' असें कोणी छातीठोकपणें सांगूं लागला, कीं आम्ही त्याला ताईकडे पाठवितों.

ह्यांतून आम्हांला जें उमगलें तें असें, कीं निर्दोष आसन म्हणून एखादी वस्तु नाहीं. निर्दोष आहे तो आसनाचा पालट. गादीला रक्त थेट मिळत नाहीं. दाबल्या-सुटल्यानें तिच्यांत पोषक द्रव्यें झिरपतात. स्नायूही एकाच ताणांत राहिले कीं थकतात, आणि चाळवलेल्या नसेला तर एकच दाब फार वेळ मुळींच खपत नाहीं. झोपाळ्याचें रहस्य हेंच. त्यावर माणूस बसलेला दिसतो खरा, पण पाय रेटीत असतात आणि कंबर क्षणोक्षणीं आपली जागा बदलीत असते. पूर्वीं ह्या रोग्यांना पंधरा पंधरा दिवस अंथरुणाला खिळवून ठेवीत. हॉलंडांत १८३ रोग्यांवर एक परीक्षण झालें, त्याचा वृत्तान्त १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना दोन आठवडे निजवून ठेविलें आणि अर्ध्यांना झेपेल तसें हिंडूं-फिरूं दिलें. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत १०० पैकीं ८७ जणांना सारखाच गुण आला होता. निजून राहण्यानें कांहीं अधिक पदरांत पडलें नव्हतें. पतंजलींनीं योगसूत्रांत आसनाच्या ठायीं स्थैर्य आणि सुख ह्या दोन गोष्टींची अपेक्षा केली आहे. आमच्यासारख्यांना दोन्ही एकदम लाभत नाहींत. तेव्हां आधीं सुख धरावें आणि स्थैर्य तुकड्यातुकड्यांनीं मिळवावें, एवढेंच आमच्या हातीं आहे.

आतां आसन पालटायचें म्हणजे मध्येंच उठायचें. आणि मध्येंच उठणें हें आपल्या चालीरीतींत बसत नाहीं. पूजेंतून उठूं नये, पंगतींतून उठूं नये, वडील माणूस बोलत असतां उठूं नये, हें आपल्या अंगीं मुरलेलें. वडिलांच्या श्राद्धाचा दिवस जवळ आला तेव्हां आम्ही फार धास्तावलों होतों. दोन तास पाटावर बसणें अशक्य होतें, आणि कर्म दुसऱ्यावर सोंपविणें मनाला पटत नव्हतें. गुरुजींपुढें अडचण मांडली. ते हंसून म्हणाले, "श्रद्धेनं करायचं तें श्राद्ध. त्यांत कमरेची परीक्षा कोणीं सांगितली आहे?" त्यांनीं उंच चौरंगावर बैठक घालून दिली, आणि दोन विधींच्या मध्यें उभें राहण्यास सवड ठेविली. त्या दिवशीं वडिलांना दिलेलें पाणी, आम्हांला वाटतें, आजवरच्या कोणत्याही वर्षापेक्षां अधिक एकाग्रतेनें दिलें गेलें. कारण मन कळेकडे नव्हतें, त्यांच्याकडे होतें.

पंगतीचा प्रश्न त्याहून अवघड होता. सणावाराला घरांत पंचवीस-तीस पानें होतात. उभ्यानें जेवूं नये हा आमच्या आईचा धडा, आणि तो मोडावासा वाटेना. तेव्हां एक युक्ति सुचली. पंगतींत उभें राहण्याचा अधिकार ज्याला असतो, तो वाढप्याला. आम्हीं वाढप्याचें काम पत्करलें. उंच टेबलावरून वाटी भरून घ्यावी, तूप वाढावें, कोशिंबीर फिरवावी, आग्रह करावा, आणि शेवटच्या पंगतीला पंधरा मिनिटें बसून जेवावें. पण वाढतां वाढतां एक गोष्ट जी मनांत शिरली ती आतां निघत नाहीं. शेवटच्या पंगतीला आमच्या शेजारीं ज्या बसत, त्या घरांतल्या बायका. आमच्या आईनें चाळीस वर्षें असेंच शेवटीं जेवून काढलीं. ती कमरेला जुनें धोतर घट्ट आवळून बांधीत असे, आणि भिंतीला एक पाय टेकून उभी राहत असे. ती तिची लकब आहे असें सारें घर समजत होतें. तो पाय तसा कां टेकलेला असे, तें आतां आमच्या स्वतःच्या पायानें आम्हांला सांगितलें. एक पाय उंचावर ठेवला कीं कमरेवरचा ताण हलका होतो. ज्या दुखण्याला आमच्यासाठीं चार खुर्च्या आल्या, त्याला तिच्या वेळीं नांवही मिळालें नाहीं. ती गेली त्याला आतां १९ वर्षें झालीं. आमच्या घरांत ह्यापुढें स्वयंपाकघराच्या ओट्यापाशीं एक उंच स्टूल आणि पायाखालीं ठेवायला एक लांकडी ठोकळा कायमचा राहील, हें आम्हीं आणि सुनांनीं मिळून ठरविलें आहे. आणि पहिल्या पंगतीला आतां ज्यांचें काम आधीं आटोपेल त्या बसतात, मग ते पुरुष असोत वा बायका.

वाचकांच्या घरीं असें कोणी असेल म्हणून आमची व्यवस्था थोडक्यांत सांगतों. आम्हीं खुर्ची साधीच पण टणक बैठकीची ठेविली आहे. तिची उंची अशी, कीं गुडघे कमरेपेक्षां किंचित् खालींच राहावेत. कमरेच्या पोंकळींत पंचाची गुंडाळी असते. जेवणाच्या उंच खुर्चीवर बसलों कीं पाय लोंबकळतात, म्हणून ज्या पाटावर पूर्वीं बसत होतों, तोच आतां पायांखालीं घेतों. मागच्या खिशांत पाकीट ठेवीत नाहीं. वीस मिनिटांनीं घड्याळाची घंटी वाजते; मग दुखत असो वा नसो, उठून अंगणापर्यंत जाऊन येतों. दुखेपर्यंत बसणें आणि मग उठणें, ह्यापेक्षां न दुखतां उठणें फार स्वस्त पडतें. वाचन-लेखनाचा निम्मा भाग उभ्यानें होतो. त्यासाठीं पोथी ठेवण्याचें लांकडी व्यासपीठ कपाटाच्या टेकावर ठेविलें आहे. रात्रीं कुशीवर निजून गुडघ्यांमध्यें उशी घेतों. हें सारें आमच्या कमरेचें माप आहे. ताईला ह्यांतलें निम्मेंही उपयोगी नाहीं. म्हणून ज्यानें त्यानें डॉक्टरांकडून मूळ कारण समजून घ्यावें आणि मग आपलें माप आपण काढावें. एक गोष्ट मात्र सर्वांनाच सारखी लागू आहे. पाऊल उचलतां येईनासें झालें, जांघेंत व बैठकीच्या भागांत बधिरपणा आला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाऊं लागला, तर खुर्ची, उशी, शेक ह्यांत एक तासही न घालवितां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तेथें उशीर झाला तर झालेली हानि पुष्कळदां भरून येत नाहीं.

आमची नस अजून शांत झालेली नाहीं, आणि ती कधीं पूर्ण शांत होईल असा भरंवसा डॉक्टरांनींही दिलेला नाहीं. परंतु गेल्या मार्गशीर्षांत आम्ही उभयतां एका लग्नाला जाऊन आलों. मंगलाष्टकें सर्वांच्या बरोबर उभ्यानेंच ऐकलीं, त्यानंतर पाऊण तास बसलों, तीनदां उठलों, आणि कोणींही कारण विचारलें नाहीं. आधींच सुनेनें सर्वांना सांगून ठेविलें होतें. एवढेंच तर हवें असतें. औषधें डॉक्टर देतात, खुर्ची बाजारांत मिळते; पण मध्येंच उठण्याची मोकळीक ही फक्त आपलीं माणसेंच देऊं शकतात. तेव्हां वाचकहो, आपल्या ओसरीवर कोणी पाहुणा 'मी उभाच बरा आहें' असें म्हणाला, तर त्याला दुसऱ्यांदां आग्रह करूं नका. आपणही उठून त्याच्या शेजारीं उभे राहा, आणि बोलणें तेथूनच पुढें चालूं द्या.